लीव्हर सोडल्यावर ई तार उतरलेलीच राहायची

ई-नाइन ट्यूनिंगच्या पेडल स्टीलवर (पेडल आणि लीव्हरने तारांचा सूर बदलता येणारी आडवी गिटार) ४ आणि ८ नंबरच्या ई तारा गुडघ्याच्या लीव्हरने ई फ्लॅटवर उतरतात. चौथी तार परत येताना किंचित उतरलेलीच राहायची. खुंटी पिळून उपयोग नाही. लीव्हरपासून चेंजरकडे (तारा ताणणारी-सैल करणारी यंत्रणा) जाणाऱ्या रॉडच्या टोकाचा नायलॉन नट इतका आवळलेला होता की लीव्हर सुटी असतानाही रॉडवर ताण! पाव-पाव फेरा सैल केला. रॉड बोटाने हलवल्यावर जेमतेम खेळ लागावा. जास्त खेळ ठेवला तर गुडघा आधी पोकळच फिरतो. तार पुरेशी उतरेना, म्हणून लीव्हर कुठे थांबेल ते ठरवणारा स्टॉप-स्क्रू थोडा मागे घेतला. मग लीव्हर सोडून खुंटीवर ई, शेवटपर्यंत दाबून नटावर ई फ्लॅट, याच क्रमाने सूर लावला. तरीही फरक उरला तर परतीची स्प्रिंग जरा ताणावी. ठाण्याच्या पावसाळी दमटपणात चेंजरच्या शाफ्टला थेंबभर शिवणयंत्राचं तेल हवंच.