पॉवर बीआयच्या चार्टमध्ये महिने एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबर असे उलटसुलट येतात? माझा अनुभव

पॉवर बीआय, म्हणजे डेटावरून चार्ट बनवायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर. त्यातल्या चार्टच्या अक्षावर जानेवारीआधी एप्रिल. एक्सेलमध्ये क्रम लावून डेटा पुन्हा घेतला, सॉर्ट असेंडिंग करून पाहिलं. ढिम्म फरक नाही, डोकं फिरलं. कारण साधं: महिन्याचं नाव हा मजकूर, म्हणून इंग्रजी वर्णक्रम लागतो.

टेबल व्ह्यूमध्ये न्यू कॉलम घेऊन तारखेवरून मंथ फंक्शनने १ ते १२ क्रमांक काढा. नावाच्या कॉलमवरून काढू नका, सर्क्युलर डिपेंडन्सीची (दोन कॉलम एकमेकांवरच अवलंबून असल्याची) एरर येते. मग महिन्याच्या नावाचा कॉलम निवडा (क्रमांकाचा नव्हे, इथेच गडबड होते), कॉलम टूल्स, सॉर्ट बाय कॉलम, त्यात क्रमांक. शेवटी चार्टचे तीन ठिपके, सॉर्ट अ‍ॅक्सिस, महिना, असेंडिंग.

नावात वर्षही असेल तर १ ते १२ चालत नाही. वर्ष गुणिले १०० अधिक महिना घ्या: एप्रिल २०२४ म्हणजे २०२४०४.