म्हातारपण आणि पुढची तयारी, नाशिककरांच्या हिशोबाने

पहिलं म्हणजे वय वर्षात मोजणं सोडा, सिंहस्थ कुंभमेळ्यात मोजा. बारा वर्षाला एक. 2003 चा झाला, 2015 चा झाला, आता 2027 चा येतोय, म्हणजे साठीतल्या माणसाचे पाच उरकले आणि अजून फार तर दोन, असा हिशोब मांडला की गंगापूर रोडच्या फ्लॅटचा भाव एकदम किरकोळ वाटायला लागतो (होत नाही, वाटतो).

चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होत जातं, जवळचं दिसत नाही, चष्मा घ्या, त्यावर चर्चा नको.

मग एखाद्या सकाळी आपल्या घरचं काही नसताना गंगेवर (म्हणजे आपल्या गोदावरीवर) जाऊन नुसतं बसा. रामकुंडाजवळ कोणाचा तरी दहावा चालूच असतो. पिंड ठेवलाय, कावळा शिवत नाहीये, आणि सगळं खानदान हात जोडून ‘धाकट्याचं लग्न लावून देऊ’, ‘जमीन विकणार नाही’ असं एकेक कबूल करतंय, तरी कावळा आपला लांब भिंतीवर बसून चोच घासतोय. ज्या माणसाला घरात कधी कोणी विचारलं नाही की बाबा तुम्हाला नक्की काय पाहिजे, त्याचं मन आता सगळे ओळखायला निघालेत. अहो, जिवंतपणीच सांगून टाका ना!

त्यासाठी मृत्युपत्र करा. साध्या कागदावर, स्वतःच्या अक्षरात चालतं, स्टॅम्प पेपर लागत नाही, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण केलेलं बरं, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र पाहिजेतच आणि ते शक्यतो तुमच्यापेक्षा तरुण बघा, नाहीतर तेच आधी जायचे. आणि बँकेत नॉमिनी लावला म्हणजे तो मालक झाला असं नाही, त्याने पैसे घेऊन वारसांना द्यायचे असतात, हे नॉमिनीसमोरच मोठ्याने सांगा.

नेत्रदान करायचं असेल तर घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा, कारण साधारण सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, तोपर्यंत पंखा बंद, पापण्या मिटून वर ओला कापूस. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं.

शेवटचं काम फोटोचं. चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी एक बरा फोटो स्वतःच काढून मुलाला पाठवून ठेवा, नाहीतर लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापतील आणि खांद्यावर कोणत्यातरी व्याह्याचा हात तसाच राहील. आधारवरचा तर अजिबात नको, तो बघून आलेला कावळासुद्धा परत जाईल.