दिव्यांग मुलाला नेहमीच्या वर्गात बसवताना काय काय बघायचं

अ‍ॅडमिशन झाली, हजेरीपटावर नाव लागलं की झालं असं समजू नका, खरं काम तिथून सुरू होतं. युनोच्या 2006 च्या दिव्यांग हक्क करारातलं 24 वं कलम शिक्षणाबद्दलच आहे, त्यात इतरांसोबत शिकण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी लागेल ती मदत मिळण्याचाही, त्यामुळे शाळेशी बोलताना उपकार मागतोय असं वाटून घेऊ नका.

वर्ग शक्यतो वयाच्या मुलांचाच घ्या. वाचन कच्चं आहे म्हणून दोन यत्ता खाली बसवतात ते मला तरी पटत नाही, अभ्यास सोपा करून देता येतो की.

मग जागा. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला सगळे डोळे झाकून पहिल्या बाकावर बसवतात. शिक्षकांच्या जवळ हवंच, मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने पडतो, पण अगदी पुढे बसलं की मागून कोण काय बोललं ते कळत नाही, सारखी मान वळवावी लागते. दुसऱ्या रांगेत जरा कडेला बसवून बघा, एकाच कानाने नीट ऐकू येत असेल तर तो कान वर्गाकडे. आणि बाई खिडकीला पाठ करून उभ्या राहत असतील तर चेहरा काळा दिसतो, ओठ कसे वाचणार? फळ्याकडे तोंड करून शिकवायची सवय असेल तर तेही पहिल्याच दिवशी सांगून टाका.

व्हीलचेअर वळायला साधारण दीड मीटर मोकळी जागा लागते. दाराजवळ एकट्याला ठेवू नका, रांगेतलं बाक काढून मुलांच्या मधे जागा करा. टॉयलेटमधे खुर्ची आत जाते का ते स्वतः जाऊन बघा, नुसतं 'हो हो' ऐकून परत येऊ नका.

शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त ह्या मुलाच्या मदतीला असलेली बाई, असेल तर तिने मुलाला चिकटून बसू नये, नाहीतर बाकीची मुलं तिच्याशीच बोलतात आणि हा गप्प. रिसोर्स रूमला, म्हणजे वेगळं शिकवायच्या खोलीत, पाठवताना कुठला तास बुडतोय ते विचारा, खेळ आणि चित्रकला नेमके तेच कापले जातात.

महिन्याभराने मुलालाच विचारा, मधल्या सुट्टीत कोणासोबत असतोस. जे बदल जमले ते लिहून शाळेच्या फाइलला लावा, शिक्षक बदलले की सगळं परत पहिल्यापासून सांगत बसावं लागतं.