गाडीचा हीटर गार वारा फेकतोय? गॅरेज गाठण्याआधी या चुका टाळा

निफाडकडे पारा दहाच्या खाली उतरला, की वर्षभर कुणी हात न लावलेलं हीटरचं बटण फिरवलं जातं आणि कित्येक गाड्यांत नुसता गार वारा येतो. मग गाडी एसीवाल्याकडे जाते, 'गॅस भरू' असं ठरतं आणि पैसे वाया जातात. पेट्रोल-डिझेल गाडीतल्या गरम हवेचा एसीच्या गॅसशी संबंध नसतो. इंजिनाची उष्णता कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव उचलतं, त्याचा एक फाटा डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून, म्हणजे हीटर कोरमधून फिरतो आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. एवढंच ते यंत्र.

म्हणूनच माझं सांगणं आहे, की हीटर गेला तर आधी इंजिनाची काळजी करा. कूलंट कमी झालं की कोरमध्ये हवा साठते आणि बऱ्याचदा टेंपरेचरचा काटा वर चढण्याआधीच हीटर गार पडतो. 'थंडी दोन महिन्यांची, चालवून घेऊ' म्हणणारे ही सूचना हातची घालवतात. काट्यावरही पूर्ण भरवसा ठेवू नका. सेन्सरभोवती कूलंटच उरलं नसेल, तर तो चुकीचं दाखवू शकतो.

कूलंटची पातळी सकाळी, इंजिन गार असताना बघा. बॉनेटखालच्या कूलंटच्या डब्यावरच्या दोन खुणांच्या मधे कूलंट हवं. रेडिएटरला वेगळं झाकण असेल तर तेही उघडून बघा, कारण झाकण खराब असलं की डबा भरलेला आणि रेडिएटर रिकामा असं होऊ शकतं. गरम इंजिनाचं झाकण मात्र कधीही उघडू नका. आत दाबाखाली शंभर अंशांहून गरम पाणी असतं. झाकण सैल होताच ते उसळून वर येतं आणि चेहरा-हात भाजतात.

पातळी कमी दिसली की बोअरचं पाणी ओतायचं, ही आपल्याकडची सर्वांत महागडी सवय. त्या पाण्यातले क्षार हीटर कोरच्या बारीक नळ्यांत बसतात. गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद किंवा लीक बंद करणारी पावडर टाकली, तर तीही याच नळ्यांत अडकते. गळती शोधून ती दुरुस्त करा. मॅन्युअलमध्ये सांगितलेलं कूलंट घाला आणि वेगवेगळ्या प्रकारची कूलंट एकत्र करू नका. काहींचं मिश्रण घट्ट होऊन नळ्या तुंबवतं.

पातळी ठीक असूनही हवा गार असेल, तर इंजिन तापू द्या, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि इंजिनाकडून डॅशबोर्डात शिरणारे दोन होज पाइप जपून चाचपा. रेडिएटरचा पंखा केव्हाही सुरू होतो, तेव्हा ओढणी, बाह्या, हात दूर ठेवा. दोन्ही पाइप गरम असतील तर कूलंट नीट फिरतंय. दोष आत, हवा वळवणाऱ्या झडपेत आहे. जुन्या गाड्यांत तिची केबल निसटते, नव्यांत ती फिरवणारा छोट्या मोटरचा अ‍ॅक्च्युएटर जातो आणि डॅशबोर्डमागून टकटक ऐकू येते. एक गरम आणि दुसरा गार असेल, तर बहुधा कोर तुंबलाय. तो कमी दाबाच्या पाण्याने उलट दिशेने धुऊन पाहता येतो. दोन्ही गार असतील तर अडकलेली हवा, हीटरचा बंद व्हॉल्व्ह किंवा वॉटर पंप तपासायला सांगा.

गावात गरम आणि हायवेवर कोमट, अशी तक्रार असेल तर थर्मोस्टॅटवर, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाण्यापासून रोखणाऱ्या झडपेवर संशय घ्या. 'आपल्या उन्हात लागत नाही' म्हणून काही गॅरेजांत तो काढूनच टाकतात. तो साधारण 82 ते 88 अंशांना उघडतो, तोवर इंजिन लवकर तापतं. नसला तर इंजिन गारच धावतं, मायलेज घसरतं, झीजही वाढते. तो परत बसवायला लावा.

गोडसर वास, काचेवर आतून चिकट धुकं, डावीकडच्या सीटसमोरचं कार्पेट ओलं, अशी लक्षणं असतील तर कोर गळतोय. एसीच्या पाण्यानेही कार्पेट भिजतं, पण ते स्वच्छ असतं. कूलंट रंगीत आणि बोटाला चिकट लागतं. ते विषारी आहे, मुलं आणि कुत्री यांना दूर ठेवा. डॅशबोर्ड उतरवायचा खर्च टाळायला दोन्ही पाइप परस्पर जोडून कोर बंद करण्याचा उपाय सुचवला जातो. घरी पोहोचण्यापुरता तो ठीक. पण पावसाळ्यात ताम्हिणी किंवा आंबोलीच्या धुक्यात काच सर्वांत लवकर साफ होते ती एसी आणि हीटर एकत्र चालवल्यावर, आणि तेव्हाच तुमच्याकडे हीटर नसेल.

वाराच येत नसेल तर प्रश्न ब्लोअरचा, म्हणजे फ्यूज पाहा. फक्त शेवटच्या स्पीडवर चालत असेल तर ब्लोअरचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर. उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा घालू नका, वायरिंग जळेल.

कूलंट बदलल्यावर हवा काढायला विसरलं, तर नवा कोरही गार राहतो. गाडी चढावर तोंड वर करून उभी करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, रेडिएटरचा पंखा सुरू होऊन थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवा. पूर्ण गार झाल्यावर पातळी भरा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. एवढं करूनही डब्यात बुडबुडे येत राहिले किंवा बाहेर गळती नसताना कूलंट घटत राहिलं, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन मुख्य भागांमधलं सील तपासल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.