आधी स्लॅब, मग एसी: उन्हाळ्याच्या तोंडावर या चुका टाळा

फेब्रुवारी सरत आला की फोन सुरू होतात. "भाऊ, दीड टनाचा घ्यावा का दोन टनाचा?" नागपुरात एसी-कूलरच्या कामात मला वीस वर्षं होत आली. मी प्रत्येकाला आधी एकच विचारतो, "वर दुसऱ्याचं घर आहे की उघडी गच्ची?" हा प्रश्न कशाला, हेच बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, आणि पुढचे सगळे पैसे तिथूनच वाया जायला लागतात.

मानेवाड्याकडच्या एका निवृत्त सरांची गोष्ट सांगतो. तिसरा मजला, वर गच्ची, दहा बाय बाराची बेडरूम. दीड टनाचा एसी चांगला चालू होता, पण एका मे महिन्यात खोली गार होईना. दुकानदाराने सांगितलं, दोन टनाचा घ्या. सरांनी जुना देऊन नवा घेतला. बिल वाढलं, झोप मात्र आली नाही. "रात्रीचे बारा वाजले तरी पंख्याची हवा गरमच लागते जी," काकू म्हणाल्या.

मी रात्री दहाला गेलो, स्टुलावर चढलो आणि छताला हात लावला. नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखं छत! टेम्परेचर गन लावली तर आतल्या बाजूने 41 अंश. गच्चीवर जाऊन बॅटरी मारली आणि कारण समोर आलं. आदल्या पावसाळ्यात गळती थांबवायला सरांनी अख्ख्या गच्चीवर काळी डांबरी शीट टाकून घेतली होती. ती दिवसभर ऊन पीत होती आणि तो सगळा ताप स्लॅब रात्रभर खाली सोडत होता. एसी खोली गार करतच होता, वरून शेगडी पेटलेली होती.

आम्ही शीट धुऊन घेतली, डांबरावर चालणारा प्रायमर मारला आणि त्यावर उष्णता परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले, एक उभा, एक आडवा. प्रायमर टाळला असता तर डांबर वर येऊन रंग पिवळा पडला असता, आणि पिवळा-काळपट रंग पुन्हा ऊन पितोच. आठवड्याने त्याच वेळी छत 35 वर होतं. दोन टनाच्या एसीची तिथे काही गरज नव्हती.

एवढं बजेट नसेल तर चुना मारा. एका पावसाळ्यात निघून जातो, पण उन्हाळाभर काम देतो. मी माझ्या घरी दरवर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात मारतो, सकाळी नऊच्या आत, गच्चीवर आधी पाणी मारून. तापलेल्या स्लॅबवर मारलेला चुना दुसऱ्याच दिवशी पायाला लागून येतो. हिरवी जाळी लावायची तर बांबूवर, डोक्याच्या उंचीला. स्लॅबवर अंथरलेली जाळी स्वतःच तापते आणि खाली ताप देते. पश्चिमेच्या खिडकीचं ऊनही बाहेरूनच अडवा, खसाची ताटी, चिक म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा, काहीही चालेल. आतला जाड पडदा ऊन घरात शिरल्यावर अडवतो.

दुसरी चूक: "दर उन्हाळ्यात गॅस भरतो." हे वाक्य ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं, कारण या माणसाला कोणीतरी वर्षानुवर्षं लुबाडलेलं असतं. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळीत तो फिरत राहतो. कमी झाला म्हणजे गळती आहे, आणि ती शोधल्याशिवाय भरलेला गॅस म्हणजे फुटक्या माठात पाणी. एका घरी चार वर्षांत चार वेळा गॅस भरला होता. मी आउटडोअरचं झाकण काढलं तर पितळी नटाखाली तेलाचा काळपट ओघळ, त्यावर धूळ चिकटलेली. साबणाचं पाणी लावलं आणि बारीक बुडबुडे वर आले. तांब्याच्या नळीचं तोंड वाकडं फाकवलेलं होतं. तोंड कापून नव्याने फाकवलं, नट कसला, संपलं.

कारागिराकडून तीन गोष्टी मागून घ्या. नायट्रोजनचा दाब देऊन गळती तपासणं, पंप लावून निदान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे नळीतली हवा आणि ओलावा ओढून काढणं, आणि काट्यावर तोलून गॅस. व्हॅक्यूमऐवजी थोडा गॅस सोडून "हवा काढली" म्हणणाऱ्याला मी माझ्या कामावर उभा करत नाही. नळीतला ओलावा तसाच राहतो आणि पुढे कॉम्प्रेसर खातो. शिवाय आताच्या बऱ्याच एसीत आर-32 नावाचा गॅस असतो. तो पेट घेऊ शकतो, हे लक्षात असू द्या.

बाकीचं थोडक्यात. कूलर लावून खिडक्या बंद करू नका. ओली हवा बाहेर जायला समोरचं दार किंवा खिडकी उघडी हवीच. एकाच खोलीत कूलर आणि एसी एकत्र चालवू नका. कूलर पाणी हवेत सोडतो आणि एसी तेच पाणी काढण्यात वीज घालवतो. आउटडोअर युनिट काचबंद गॅलरीत कोंडू नका. एसी 24 वर ठेवा आणि पंखा लावा. तोही 28 ते 35 वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, असला तर जुन्या 75 वॅटच्या पंख्याची निम्म्याहून जास्त वीज वाचते. महावितरणचा दर 100, 300 आणि 500 युनिटांनंतर चढत जातो, आणि एसीची युनिटं याच वरच्या टप्प्यांत पडतात. एसी घेताना वीजबचतीचे स्टार पाहाल तेव्हा लेबलवरचं वर्षही पाहा. जुलै 2022 मध्ये निकष कडक झाले, तेव्हा त्याआधीचा 5 स्टार 4 वर आला.

आणि सोलर गीझर. गावाला जाऊन आलात, टाकी कोरडी पडली आहे, तर भर दुपारी पाण्याचा कॉक उघडू नका. तापलेल्या काचनळ्यांत गार पाणी शिरलं की त्या तडकतात. पहाटे भरा. गरम पाण्याच्या पाइपला फोमची नळी चढवा, आणि एल्बोला, म्हणजे पाइपच्या वळणाच्या जोडालाही चढवा. तो लोक हमखास उघडा सोडतात.