इंग्रजीतील ‘बाय’ : मराठी भाषकांसाठी वापराचे मार्गदर्शन

‘बाय’ असा उच्चार असलेले तीन शब्द इंग्रजीत आहेत. एकाचा अर्थ विकत घेणे, दुसरा निरोप घेताना म्हणतात, आणि तिसरा म्हणजे बी व वाय या दोनच अक्षरांचे शब्दयोगी अव्यय. येथे विचार करायचा आहे तो या तिसऱ्याचा. त्याच्यासाठी मराठीत एकच प्रतिशब्द शोधत बसू नये, कारण संदर्भानुसार तो ‘ने’, ‘कडून’, ‘पर्यंत’, ‘जवळ’ असे निरनिराळे काम करतो. वाक्य वाचताना ‘बाय’च्या पुढे व्यक्ती आहे, वाहन आहे, वेळ आहे की रक्कम आहे, हे आधी पाहावे, अर्थ बहुतेक वेळा तेथेच उलगडतो.

सर्वाधिक गोंधळ ‘ने’ या प्रत्ययामुळे होतो. ‘शिक्षकाने पेपर तपासले’ आणि ‘लाल पेनाने पेपर तपासले’ या दोन्ही वाक्यांत मराठीला एकच प्रत्यय पुरतो. इंग्रजी मात्र काम करणारा आणि त्याच्या हातातील वस्तू यांत भेद करते : ‘चेक्ड बाय द टीचर’, पण ‘चेक्ड विथ अ रेड पेन’. शंका आली तर ‘ने’च्या जागी ‘कडून’ घालून पाहावे. ‘शिक्षकाकडून तपासले गेले’ हे चालते, म्हणून तेथे ‘बाय’ येईल. ‘पेनाकडून तपासले गेले’ हे चालत नाही, म्हणून तेथे ‘विथ’ हवे. ही कसोटी दोन ठिकाणी अपुरी पडते. पूर, वादळ, आग यांना इंग्रजी कर्त्याचा मान देते, त्यामुळे पुराने पूल वाहून गेला तर तो ‘वॉश्ट अवे बाय द फ्लड’ असतो. दुसरे ठिकाण म्हणजे प्रवासाचे किंवा पाठवण्याचे साधन : बाय बस, बाय ट्रेन, बाय पोस्ट. येथे नामापूर्वी ‘अ’, ‘द’ किंवा ‘माय’ लावू नये. आपल्याच गाडीने आलो असे सांगायचे असेल तर ‘इन माय कार’ म्हणावे, आणि पायी आलो यासाठी ‘ऑन फुट’.

दुसरी अडचण ‘पर्यंत’ची आहे, आणि कार्यालयीन पत्रव्यवहारात तिच्यामुळे खरे नुकसान होऊ शकते. एखादी गोष्ट ठरलेल्या वेळेच्या आत पूर्ण व्हायची असेल तर ‘बाय’ वापरतात, आणि एखादी स्थिती त्या वेळेपर्यंत सलग चालू राहणार असेल तर ‘टिल’ किंवा ‘अनटिल’. ‘शुक्रवारपर्यंत अर्ज द्या’ यात अर्ज एकदाच द्यायचा आहे, म्हणून ‘बाय फ्रायडे’. ‘शुक्रवारपर्यंत कार्यालय बंद आहे’ यात बंद राहणे चालूच आहे, म्हणून ‘टिल फ्रायडे’. ‘बाय फ्रायडे’मध्ये शुक्रवारचा दिवस सहसा धरला जातो, तरीही करारात किंवा निविदेत संदिग्धता नको असेल तर ‘ऑन ऑर बिफोर’ असे लिहून पुढे तारीख घालणेच उत्तम. नकारार्थी वाक्यांत हा फरक आणखी धारदार होतो. ‘ही वोन्ट कम अनटिल मंडे’ याचा अर्थ तो सोमवारी येईल, त्याआधी नाही. ‘ही वोन्ट कम बाय मंडे’ म्हटले तर सोमवार उजाडला तरी तो आलेला नसेल, आणि पुढे कधी येईल हे सांगितलेलेच नाही.

रकमेच्या बाबतीत मराठी आपल्याला योग्य वाट दाखवते. १०,००० रुपयांचे भाडे ‘२,००० रुपयांनी’ वाढले तर ‘इन्क्रीज्ड बाय’, आणि वाढून १२,०००वर गेले तर ‘इन्क्रीज्ड टू’. मराठीतील ‘नी’ जेथे वाढ किंवा घट मोजतो, तेथे निःशंकपणे ‘बाय’ लिहावे. टक्केवारीच्या बातम्या वाचताना हा भेद न पाळणाऱ्याला संपूर्ण बातमीच चुकीची कळते.

‘बाय द विंडो’ म्हणजे खिडकीजवळ, ‘बाय हरसेल्फ’ म्हणजे एकटीने किंवा कोणाच्या मदतीवाचून, ‘बाय मिस्टेक’ म्हणजे चुकून. ‘लर्न बाय हार्ट’ म्हणजे पाठ करणे. आपल्याकडे ‘बायहार्ट करणे’ असे जे म्हणतात ते भारतात समजते, परंतु प्रमाण इंग्रजी लेखनात ‘लर्न’ गाळू नये. ‘बाय-इलेक्शन’ म्हणजे पोटनिवडणूक हे बहुतेकांना ठाऊक असते.

शेवटी मोजमापांविषयी. ‘१० बाय १२ची खोली’ हा प्रयोग इंग्रजीतही बरोबर आहे, कारण तेथे लांबी आणि रुंदी सांगितली जाते. परंतु तिरकी रेघ दिसली की ‘बाय’ वाचण्याची आपली सवय भारताबाहेर अडचणीची ठरते. तीन चतुर्थांश या अपूर्णांकाला आपण ‘थ्री बाय फोर’ म्हणतो, ब्रिटन-अमेरिकेत मात्र ‘थ्री क्वार्टर्स’ किंवा ‘थ्री ओव्हर फोर’ म्हणतात, आणि ‘थ्री बाय फोर’ ऐकून तेथील माणसाच्या डोळ्यांसमोर तीन रुंद व चार लांब असे माप उभे राहते. रक्तदाबाचेही तसेच आहे : परदेशी डॉक्टरांना आकडा सांगताना ‘१२० बाय ८०’ऐवजी ‘१२० ओव्हर ८०’ म्हणावे.