केमो चालू असलेल्या घरात या चुका टाळा

कॅन्सरवरच्या केमोचे माझे आठ डोस संपून आता तीन वर्षं होतील. तेव्हापासून ओळखीत कुणाची केमो सुरू झाली की फोन मला येतो. राजारामपुरीतून येतो, कागलहून येतो, परवा तर गारगोटीहून आला. "वहिनी, काय काय करायचं सांगा." मला आधी काय करायचं नाही तेच सांगावंसं वाटतं, कारण घरं बदलतात, चुका त्याच राहतात. आणि त्या करणारी माणसं जीव लावणारीच असतात, म्हणून त्यांना कुणी टोकत नाही.

पहिली चूक आमच्याच घरातली आहे. तापाची.

आमचं घर हसरं. सासऱ्यांची मार्केट यार्डात गुळाची अडत होती, आणि धाकटे दीर सौद्याच्या वेळच्या आरोळ्यांची अशी नक्कल करतात की सासूबाईंना हसून ठसका लागतो. दुसऱ्या डोसनंतरचा दहावा दिवस. संध्याकाळी सगळे स्वयंपाकघरात जमले होते, भावजींची नक्कल रंगात आली होती. मी कोपऱ्यात शाल गुंडाळून बसले होते आणि आतून थंडी वाजत होती. किती दिवसांनी घर हसतंय, आपण कशाला विरजण घालायचं, असा विचार केला. उठून डब्यातली तापाची एक गोळी घेतली. घाम आला, बरं वाटलं, झोपले.

पहाटे तीनला दात वाजायला लागले. थर्मामीटर शोधला तर त्याचा सेल गेलेला. ह्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "फार नाहीये, सकाळी बघू." सकाळी दवाखान्यात ताप भरला 102.6 आणि पांढऱ्या पेशी निघाल्या 900. त्या 4000 च्या वर असायला हव्यात. सहा दिवस सलाईनमधून अँटिबायोटिक चालली. डॉक्टर रागावले नाहीत. "काल संध्याकाळीच यायला पाहिजे होतं," एवढंच म्हणाले.

हे नीट समजून घ्या. केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतं. कॅन्सरच्या पेशी मरतात, तशी हाडांच्या मगजात पांढऱ्या पेशी तयार होण्याची गतीही मंदावते. बहुतेक डोसनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसात काउंट, म्हणजे या पेशींचा आकडा, सगळ्यात खाली असतो. तेव्हा जंतू शिरला तर सहसा पू होत नाही, सूज येत नाही, कारण ते करणाऱ्या पेशीच कमी असतात. बऱ्याचदा फक्त ताप येतो. तापाची गोळी घेऊन तीच एक खूण आपण पुसून टाकतो. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी घ्यायची नाही. 100.4 फॅरनहाइट, म्हणजे 38 सेल्सिअस भरला की निघायचं. रात्र असो, रविवार असो, घरात पंगत बसलेली असो. आणि कॅज्युअल्टीत पाय ठेवल्यावर पहिलं वाक्य, "केमो चालू आहे, ताप आलाय." बाकीची कहाणी नंतर.

आमच्याकडे मग थर्मामीटर कालनिर्णयशेजारी खिळ्याला टांगला. रोज सकाळ-संध्याकाळ ताप बघायचा आणि त्या तारखेच्या चौकोनात आकडा लिहायचा. हे काम धाकट्या मुलानं घेतलं आणि त्यातच काकांची आरोळी आणली. "अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा! एक वार... दोन वार..." आणि सासूबाई देवघरातून ओरडायच्या, "सौदा पक्का!" तोंडात थर्मामीटर धरून मला हसू आवरायचं नाही. चौथ्या डोसनंतर एका संध्याकाळी तो "शंभर पॉइंट..." म्हणाला आणि तिथेच थांबला. पुढचा आकडा सहा होता. त्यानं कालनिर्णयवर लिहिला आणि दाराजवळची दवाखान्यासाठी भरून ठेवलेली पिशवी उचलली. वीस मिनिटांत आम्ही रस्त्यावर होतो. त्या वेळी दोन दिवसांत घरी आले.

घरात हसणं पाहिजेच. माझा तर त्याच्यावर भरवसा आहे. पण पेशंटला ताप लपवावासा वाटेल असं हसणं नको. आणि सक्तीचं तर अजिबात नको. डे-केअरमध्ये, म्हणजे जिथे बसून डोस घ्यायचा तिथे, माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक बाई असायच्या. त्या तिथल्या बाथरूममध्ये जाऊन रडून यायच्या, कारण घरी कुणी रडूच देत नव्हतं. "पॉझिटिव्ह राहा" म्हणून पाठ थोपटणाऱ्यांना मी आता तोंडावर सांगते, आधी तिला बोलू द्या. माझा डोसनंतरचा तिसरा दिवस सगळ्यात वाईट जायचा. त्या दिवशी आमच्याकडे नकला बंद. सासूबाई पायाशी बसून तळपाय चोळायच्या आणि एक शब्द बोलायच्या नाहीत. तो दिवस त्यांनी मला दिला, म्हणून चौथ्या दिवशी मला हसता आलं.

आता दुधाचं. ही चूक कोल्हापुरात जेवढी होते तेवढी दुसरीकडे होत नसेल.

माझे मामा पैलवान. पहिल्या डोसनंतर आठवड्यानं सकाळी सकाळी दारात हजर, हातात पितळी चरवी. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून घेतलेलं धारोष्ण दूध. फेस अजून बसलेला नव्हता. "पी पोरी, रगात वाढतंय. तालमीत आम्ही ह्याच्यावरच वाढलोय." सत्तरीतला माणूस, गुडघे दुखत असताना चालत आलेला. त्यांना नाही कसं म्हणायचं? मी पेला ओठापर्यंत नेला होता. थोरल्या जाऊबाईंनी तो हातातून काढून घेतला.

मामा रुसले. आठ दिवस आले नाहीत. पण जाऊबाईंचं बरोबर होतं. न तापवलेल्या दुधात ब्रुसेला, लिस्टेरिया असे जंतू असू शकतात. धडधाकट पैलवान ते पचवून जाईल, पण काउंट पडलेल्या माणसाला तेच दूध आयसीयूत नेऊ शकतं. शेवटी मीच मामांना फोन केला. "मामा, दूध तुमचंच पाहिजे, पण आमच्या गॅसवर तुम्ही स्वतः उकळून द्यायचं." तेव्हापासून रोज यायचे. गॅससमोर उभे राहून उकळी नीट येऊ द्यायचे आणि मगच ओतायचे. प्रेमानं आणलेली वस्तू परत पाठवू नका. ती कशी द्यायची ते त्या माणसाला शिकवा.

हाच नियम बाकी खाण्याला. शिजलेलं, गरम, ताजं. मिसळीवरचा कच्चा कांदा, कच्ची मोड आलेली मटकी, कोशिंबीर, गाड्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस, अर्धवट उकडलेलं अंडं, सगळं काउंट वर येईपर्यंत बंद. मटणाला आमच्या डॉक्टरांची ना नव्हती. तांबड्या रश्शानं तोंडातल्या फोडांची आग आग व्हायची, म्हणून सासूबाई पांढरा रस्सा मिरची न घालता करायच्या, आणि आठ डोसांत माझं वजन त्यानंच राखलं. तोंड आलं असेल तर मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानं दिवसातून चार-पाच वेळा चुळा भरा, ब्रश मऊ घ्या.

उलटीची गोळी उलटी झाल्यावर घेऊ नका. लिहून दिलेल्या वेळेलाच घ्या, मळमळत नसलं तरी. नवे पेशंट "बरं वाटतंय, कशाला उगाच गोळी" म्हणतात आणि रात्री बादली घेऊन बसतात. हा हट्ट मला समजत नाही.

केमोतल्या लाल रंगाच्या औषधानंतर (डॉक्सोरुबिसिन) लघवी एक-दोन दिवस लाल होते. रक्त नव्हे, औषधाचा रंग आहे.

केस साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जायला लागतात, औषध त्या जातीचं असेल तर. आधीच बारीक कापून घ्या. उशीवर पुंजके बघण्यापेक्षा ते सोपं जातं.

काढे, भस्मं, गुळवेल यांबद्दल माझं मत कडक आहे. गुळवेलीनं काही जणांच्या लिव्हरला सूज आल्याच्या नोंदी आहेत, आणि केमोच्या बऱ्याच औषधांचा निचरा लिव्हरमधूनच होतो. "नैसर्गिक आहे, काही होत नाही" म्हणणारा माणूस तुमचे रिपोर्ट वाचत नसतो. घ्यायचंच असेल तर पुडी डॉक्टरांसमोर ठेवून विचारा. लपवून घेऊ नका.

पैशाचं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत केमो बसते. 2012 साली ती राजीव गांधी जीवनदायी नावानं सुरू झाली होती, 2017 पासून हे नाव आहे. लोक आधी दागिने मोडतात आणि तिसऱ्या डोसला विचारतात. योजना कॅशलेस आहे, आधी नोंद आणि मग उपचार. पहिल्याच दिवशी रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाकडे, जा.

पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाच्या डोसांत माझी पावलं बधिर झाली. कोल्हापुरी चप्पल चावली तरी कळलं नाही, रंकाळ्यावरून घरी आल्यावर जाऊबाईंनी टाचेवरचं रक्त बघितलं. त्या काळात मऊ बंद बूट घाला, रोज रात्री तळपाय उजेडात बघा, आणि बधिरपणा वाढला तर पुढच्या डोसआधी डॉक्टरांना सांगा. औषधाचं प्रमाण बदलता येतं.

आणि नातेवाइकांनो, "काही लागलं तर सांगा" म्हणून जाऊ नका. पेशंट सांगत नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी काही विचारलंच नाही. "मंगळवारचा डबा माझा," म्हणाल्या आणि सहा महिने एकही मंगळवार चुकवला नाही. सर्दी झाली की डबा उंबऱ्यावर ठेवायच्या, बेल वाजवायच्या आणि जिन्यातूनच विचारायच्या, "आजचा सौदा किती?" आतून मुलगा आकडा ओरडायचा, मग त्या खाली उतरायच्या.